टेम्पोच्या पोटाला तेल



आम्ही खाडीकाठच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. बंदरावरून ताजी मासळी घ्यायची, थोडी तालुक्याच्या बाजारात विकायची, उरलेली सुकवून पावसाळ्यासाठी ठेवायची, हा आमचा धंदा. रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं, या आता सुकटीची चटणी सांगणार. चटणी पुन्हा कधीतरी सांगू. आज आम्ही गाडीच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, लावायच्या तेलाबद्दल बोलणार आहोत.

हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो. ज्या दिवशी सड्यावरून उतरताना आमच्या टेम्पोचा ब्रेक गेला, त्या दिवसापासून हसायचं थांबलो.

आधी ते सांगतो. गटाच्या बचतीतून आणि थोडं कर्ज काढून आम्ही एक जुना छोटा टेम्पो घेतला. सहा वर्षं वापरलेला होता. इंजिन चालवून पाहिलं, टायर पाहिले, कागद पाहिले. घरातल्या पुरुषांनीही पाहिला. मालकाने गाडी खालून दाखवली, तर खाली सगळं काळं कुळकुळीत. "नुकताच अंडरकोट मारलाय," म्हणाला. आम्हाला बरं वाटलं. चांगली निगा राखलेली दिसते, असं वाटलं.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पहाटेची वेळ, गाडीत बर्फातल्या मासळीचे क्रेट, पुढे आमच्यातल्या दोघी. आमच्यातलीच एक गाडी चालवते. सड्यावरून खाली उतरताना तिने ब्रेक दाबला, तर पॅडल जवळजवळ तळाला गेलं. ब्रेक अर्धामुर्धा लागला. तिने घाईने खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी हळूहळू जांभ्याच्या गडग्याला घासत नेऊन थांबवली. कोणाला लागलं नाही. क्रेट उलटे झाले, बर्फ रस्त्यावर पसरला. त्या दोघी गडग्यावर बसून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तालुक्याच्या मिस्त्रीने गाडी वर घेतली आणि आम्हाला खाली बोलावलं. चाकाकडे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी गंजून फुटली होती. तिच्यातून ब्रेकचं ऑईल गळून गेलं होतं. ब्रेकच्या ऑईलला दोन वेगळ्या वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी थोडंफार धरते, म्हणून आम्ही वाचलो. मग मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्या काळ्या कुळकुळीत थराला टोचला. थर पापडासारखा सुटून आला. त्याच्या आत लोखंडाचे पापुद्रे होते, लाल आणि ओले. एका जागी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

मिस्त्री म्हणाला, "ताई, हा काळा थर गंजावरच मारला होता. वरून दिसायला छान, आत सडत गेलं."

नळी बदलली, चेसिसला दोन ठिकाणी पत्रा वेल्ड केला. त्या वर्षीचा नफा तिथेच गेला. पण त्या मिस्त्रीने आम्हाला गंज म्हणजे काय ते नीट शिकवलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे, कारण आता बऱ्याच गटांकडे गाड्या आहेत. मासळीच्या, भाजीच्या, दुधाच्या, मंडपाच्या सामानाच्या.

गंज का चढतो?

चुलीला तीन दगड लागतात ना? गंजालाही तीनच लागतात. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. तिन्ही एकत्र आले की गंज सुरू. एक दगड काढला की भांडं टेकत नाही. विळी धुऊन ओलीच ठेवली तर सकाळी तिच्या पात्यावर तांबूस रंग दिसतो. पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवली तर दिसत नाही. आपल्या आज्या हेच करत होत्या.

मग मीठ काय करतं? मीठ म्हणजे चुलीची फुंकणी. मीठ नसतानाही गंज चढतो, पण मीठ आलं की तो भरभर चढतो. खारट पाण्यातून विजेचा बारीक प्रवाह सहज जातो आणि गंजाचं काम त्याच प्रवाहावर चालतं. दुसरं म्हणजे, मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच गाडीच्या खाली सांध्यात बसलेल्या मिठालाही सुटतं. ऊन पडलं, वरून गाडी कोरडी दिसली, तरी खालचा सांधा ओलाच राहतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. आमच्या गाडीत काय जातं? मासळीचं पाणी, खारवलेल्या मासळीच्या टोपल्या, वितळलेला बर्फ. हे सगळं हौद्याच्या फटीतून खाली झिरपतं. वर समुद्राची खारी हवा आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि आपला लाल चिखल. तो चाकाच्या वर, चेसिसच्या खोबणीत जाऊन बसतो आणि ओल्या फडक्यासारखा पाणी धरून ठेवतो.

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तिथल्या गाड्याही खालून अशाच सडतात. म्हणून तिथे पुष्कळ लोक दरवर्षी बर्फ पडायच्या आधी गाडीच्या पोटाला तेल मारून घेतात. त्यांचं मीठ रस्त्यावर असतं. आपलं हवेत आणि टोपलीत असतं, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीने सांगितली. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. म्हणून सांध्यात गंज शिरला की पत्रे फुगतात, वेल्डिंग उचकटतं. आणि गंज घट्ट धरून बसत नाही, पापुद्र्याने सुटतो. पापुद्रा सुटला की आतलं नवं लोखंड उघडं पडतं, मग ते गंजतं. एकदा लागलेला गंज म्हणूनच आपोआप थांबत नाही.

काळा थर की तेल?

गाडीच्या खालून मारायच्या वस्तू मुख्यतः दोन जातीच्या. एक, डांबरासारखा किंवा रबरासारखा वाळून कडक होणारा काळा थर. दुसरी, न वाळणारं तेल.

काळा थर वाईट असतो असं नाही. नव्या, स्वच्छ, कोरड्या लोखंडावर नीट मारला तर तो खडी उडून लागण्यापासून वाचवतो. पण तो जुना झाला की त्याला तडे जातात. तड्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. ओल्या भिंतीवर ऑईलपेंट मारला की काय होतं ते आपण पाहिलंय. फुगे येतात, पापुद्रे सुटतात. आणि गंजलेल्या लोखंडावर थर मारला तर गंज झाकला जातो, थांबत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना खालून नवाकोरा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका. टोचून बघा.

तेलाचं काम वेगळं. ते लोखंडावर पातळ साय धरतं, त्यामुळे पाणी आणि हवा लोखंडाला शिवत नाही. तीन दगडांतले दोन दूर. शिवाय ते चालतं. समईच्या वातीत तेल आपोआप वर चढतं ना, तसं पातळ तेल पत्र्यांच्या अरुंद सांध्यात स्वतःहून शिरतं. जिथे ब्रश पोचत नाही, तिथे ते पोचतं. खडा लागून ओरखडा पडला तर आजूबाजूचं तेल थोडंफार सरकून तिथे येतं. आणि तेलातून लोखंड दिसतं. कुठे बिघडतंय ते लपत नाही.

तेलाचे तोटेही सांगतो. ते कायमचं राहत नाही. पावसाने, चाकाच्या उडणाऱ्या पाण्याने हळूहळू निघून जातं, म्हणून दरवर्षी लावावं लागतं. पहिले दोन-चार दिवस ठिबकतं. धूळ धरतं. आणि जे लोखंड खाऊन गेलंय ते तेलाने परत येत नाही. भोक पडलेल्या चेसिसला वेल्डिंगच लागतं.

कोणतं तेल?

हा प्रश्न आमच्या गटात सगळ्यात जास्त गाजला. एक जण म्हणाली, तळणीचं उरलेलं तेल ओतू. स्वयंपाकाचं तेल चालत नाही. हवेने ते खराब होतं, चिकट होतं, त्याला वास सुटतो, मुंग्या-उंदीर येतात. उंदीर मग वायरीही कुरतडतात. तळणीच्या तेलात तर मीठ आणि पाण्याचा अंशही असतो. म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं तेच लावल्यासारखं.

दुसरी म्हणाली, गॅरेजवाला जळकं ऑईल फुकट देतो. हे फार ठिकाणी चालतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑईल डिझेलमध्ये मिसळायचं आणि फवारायचं. मैत्रिणींनो, हे करू नका. इंजिनात जळलेल्या ऑईलमध्ये काजळी, आम्ल, धातूंचे कण असतात. त्यातली काही रसायनं वारंवार कातडीला लागली तर कॅन्सरचा धोका असतो. सरकारच्या 2016 च्या नियमांतही वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात धरलंय. आणि ते ठिबकणार कुठे? आपल्या अंगणात. अंगणातून विहिरीत. ते कपडे धुणार कोण? आपणच. फुकटाचं ते महागात पडतं.

मग घ्यायचं काय? गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गंज रोखण्यासाठीच बनवलेली तेलं मिळतात. डब्यावर गंजरोधक आणि गाडीच्या खालच्या भागासाठी असं लिहिलेलं आहे का, ते वाचून घ्या. काही पातळ, झिरपणारी असतात. ती सांध्यात आणि पोकळ भागात मारायची. काही मेणासारखी दाट असतात. ती चाकाच्या वर, जिथे पाणी जोरात उडतं तिथे. एक जात लोकरीच्या चरबीची असते, तिला लॅनोलिन म्हणतात. मेंढीच्या अंगावरची ही चरबी लोकर धुताना निघते. मेंढीला पावसात तीच सांभाळते. ओठांच्या मलमात, बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईच्या मलमातही ती असते. गाडीसाठी वेगळी बनवलेली घ्यायची, मलम नव्हे. आमच्या छोट्या टेम्पोला एका वेळी तीन लिटरच्या आसपास तेल लागतं.

आम्ही कसं करतो?

पावसाळ्यात 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. त्याआधी, मेच्या मध्याला आम्ही हे काम काढतो. तेव्हा ऊन कडक असतं, लोखंड कोरडं असतं आणि गरमीने तेल पातळ होऊन छान झिरपतं. होड्या शाकारायची वेळ ती गाडीची वेळ, असं आमच्या लक्षात राहतं.

पहिलं काम, धुणं. खालून जोराच्या पाण्याने सगळा लाल चिखल काढायचा. मडगार्डच्या आत हात घालून बघायचं. पाणी गोडं हवं. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. मचूळ पाण्याने धुतलं तर मीठ पुन्हा लोखंडावरच. आम्ही वरच्या वाडीतल्या गोड्या विहिरीवरून टाकी भरून आणतो.

दुसरं, वाळवणं. दोन दिवस कडक उन्हात गाडी उभी. घाई केली तर तेलाखाली पाणी अडकतं.

तिसरं, खरवडणं. सुटलेले पापुद्रे तारेच्या ब्रशने काढायचे. हातोडीने हलकं ठोकून ऐकायचं. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं भद्द वाजतं. मडकं घेताना आपण वाजवून बघतोच की. भद्द वाजलं तिथे खडूने खूण करायची आणि मिस्त्रीला दाखवायचं. वेल्डिंग करायचं असेल तर ते तेल लावायच्या आधी. तेलावर वेल्डिंगची ठिणगी पडली तर पेट घेईल.

चौथं, तेल. लांब नळीच्या फवाऱ्याने चेसिसच्या भोकांतून आत, सांध्यांवर, दरवाज्यांच्या खालच्या कडांना, हौद्याच्या खालच्या पट्ट्यांना मारायचं. फवारा नसेल तर ब्रशने. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना आम्ही फडक्याने हाताने तेल लावतो, म्हणजे नळीवर बोट फिरतं आणि खडबडीत जागा कळते. पातळ थर पुरे. पिकावर औषध मारायचा पंप यासाठी वापरू नका, आणि हा फवारा पिकावर नेऊ नका.

कुठे लावायचं नाही, हे तर पाठच करा. ब्रेकची डिस्क, ड्रम आणि ब्रेकचे लायनर यांना तेलाचा थेंबही नको. लागला तर ब्रेक धरणार नाही. गंजापासून वाचायला गेलो आणि ब्रेकच घालवला, असं होईल. आम्ही चाकांच्या आतल्या बाजूला प्लास्टिक बांधून मगच तेल काढतो. टायरला नको. इंजिनच्या पट्ट्यांना नको. सायलेन्सरला नको, तो तापला की तेलाचा धूर होतो. रबरी बुश आणि रबरी नळ्या टाळायच्या, कारण पेट्रोलियमच्या तेलाने साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. दरवाज्याच्या आणि चेसिसच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती बुजवू नका. आणि हौद्याच्या आत, जिथे मासळी ठेवतो तिथे, काहीही मारायचं नाही.

जिवाची काळजी आधी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. मिस्त्रीने सांगितलेली ही गोष्ट आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी रॅम्प किंवा खड्डा असतो, तिथेच आम्ही हे काम करतो. थोडे पैसे जातात, जाऊ देत. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, हातात मोजे. फवारलेलं तेल श्वासातून छातीत जाऊ नये. आसपास विडी नको, चूल नको.

तेल मारून झाल्यावर दोन दिवस गाडी पुठ्ठ्यांवर उभी करायची. ठिबकलेल्या जागी लाकडाचा भुसा किंवा भाताचा तूस टाकला की तेल शोषलं जातं. तो तूस चुलीत घालू नका, विहिरीकडे किंवा शेतात टाकू नका. आम्ही तो पोत्यात भरून गॅरेजच्या तेलकट कचऱ्याबरोबर देतो.

वर्षभर काय?

एकदा तेल लावलं की झालं, असं नाही. मासळी उतरवली की त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची. क्रेटखाली जाड प्लास्टिक घालायचं, म्हणजे खारं पाणी फटीत जाणार नाही. मासेमारी बंद असताना गाडी गवतावर उभी ठेवायची नाही. गवताची ओल खालून चढत राहते. दगडी फरशीवर, वरून झाप किंवा पत्रा, पण वारा खेळता हवा. नारळी पौर्णिमेला धंदा पुन्हा सुरू होतो, त्याआधी टॉर्च घेऊन एकदा खालून बघायचं. जिथे तेल धुऊन गेलंय तिथे फडक्याने पुन्हा लावायचं.

मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आमची गाडी आता दरवर्षीच्या रांगेत आली आहे. म्हणून गटाच्या वहीत आम्ही विम्याच्या आणि हप्त्याच्या शेजारी 'पोटाचं तेल' असा एक रकाना पाडला आहे. दर महिन्याला मासळीच्या पैशांतून थोडे त्यात टाकतो. मे आला की कोणाकडे मागायला लागत नाही. सुरुवातीला काही जणींनी कुरकुर केली की दिसत नाही त्याच्यावर कशाला खर्च. मग त्या गडग्यावर बसलेल्या दोघींनी तो रकाना स्वतःच्या हाताने भरायला घेतला. तेव्हापासून कुरकुर नाही.

खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. गाडी घेताना आम्ही सगळ्या उभ्या राहूनच बघत होतो. खाली वाकून बघणं हे पुरुषांचं काम, मिस्त्रीचं काम, असं धरून चाललो. नांदत्या घरात आपण जात्याखाली, रांजणाखाली, माचाखाली वाकून झाडतोच. गाडीच्या खाली वाकायला मात्र लाजलो.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची गाडी असेल तर या आठवड्यात एक टॉर्च घ्या, गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा आणि जमिनीवर पोतं टाकून बाजूने वाकून बघा. आत शिरू नका, नुसतं बघा. ब्रेकच्या नळ्या शोधा, पेन्सिलपेक्षा बारीक असतात. तांबड्या, खडबडीत, फुगलेल्या दिसल्या तर गाडी बाजाराला नेऊ नका, आधी मिस्त्रीकडे न्या. ओल दिसली तर त्याच दिवशी.

काय दिसलं ते आम्हाला केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर चिठ्ठी पाठवा. मेमध्ये आमची गाडी धुवायला काढू तेव्हा ज्यांना हाताने शिकायचंय त्यांनी या. जुने कपडे घालून या, तेलाचे डाग जात नाहीत.